शेवटचं बटण

आवाज तसा एवढासाच झाला. पितळी ताटात त्याच्या मुठीतली पुडी पडली आणि टक् असं वाजलं. पुढच्या बाकावरच्या म्हातारीनं मान वळवली नाही, पेटी वाजवणाऱ्या मुलीचा सूर चुकला नाही, ताट पुढच्या माणसाकडे सरकलं. त्याचा हात मात्र हवेत तसाच राहिला, उघडा, काहीतरी परत मागावं तसा. आजवर त्यानं दान टाकलं ते थैलीत. लाल मखमलीची, लाकडी दांड्याची खोल थैली. तळाशी नुसता अंधार. मूठ मिटून आत घालायची, आत उघडायची, आणि बाहेर काढताना पुन्हा मिटूनच काढायची, म्हणजे कोणी किती टाकलं ते शेजारच्यालाही कळत नाही. मखमल सगळे आवाज पिऊन टाकते. आज थैलीचं तोंड उसवलं होतं म्हणून नव्या हिशेबनिसानं ताट फिरवायला घेतलं होतं, आणि ताटाला काही पिता येत नव्हतं. नाणं पडलं की खणखणत होतं, नोट पडली की गप्प बसत होतं. त्याच्या पुडीतून जे वाजलं ते नाणं नव्हतं. हे त्याला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. तो कवळ्या बनवायचा. दिवसभर एकेक दात सळईच्या टोकानं वाजवून बघायचा. चिनी मातीचा दात कसा बोलतो, प्लॅस्टिकचा कसा, आतून तडकलेला कसा, हे त्याच्या कानात मुरलं होतं. धातूचा आवाज पडल्या जागेवरून जरा लांब चालत जातो. हा कुठंच गेला नाही. पडला तिथंच विझला. पुडीत गोल, कडक, हलकं असं काहीतरी होतं, आणि ते पैसा नव्हतं.

बायको शेजारीच होती. समोर बघत होती, गाण्याचे शब्द ओठांनी म्हणत होती. पुडी तिनंच दिली होती, चर्चच्या पायरीवर, दर रविवारी देते तशी. कागदाची चौकोनी घडी, टोकं आत खोचलेली. ती घडी त्यानं कधी उलगडून पाहिली नव्हती. बघायचं कशाला? पगार झाला की पाकीट न फोडता तो तिच्या हातावर ठेवायचा, आणि त्यातला दहावा हिस्सा ती आधी बाजूला काढायची, घासाच्याही आधी. ही घराची शिस्त होती, बाबांकडून आलेली. बाबांचे नियम थोडे आणि घट्ट: दहावा आधी. उसनं घ्यायचं नाही. कोणाला जामीन राहायचं नाही. हातात आहे ते आपलं नव्हे, मालक वर बसलाय, आपण नुसते कारभारी. आणि दिल्याचं बोलायचं नाही, घरातसुद्धा नाही. बाबा थैलीत मूठ घालताना डावा हात कोटाच्या खिशात ठेवत. लहानपणी त्याला वाटे, बाबांच्या खिशात गोळ्या असणार. एकदा त्यानं विचारलंही. "त्याला कळायला नको," बाबा म्हणाले. "कोणाला?" "हाताला. उजवा काय टाकतो ते." तेव्हा तो बराच वेळ आपल्या डाव्या हाताकडे संशयानं बघत बसला होता, घरातल्या चुगलखोर भावाकडे बघावं तसा. मोठेपणी तोही डावा हात खिशात ठेवू लागला. आजही तो खिशातच होता, आणि आत घामानं ओला झाला होता.

उपासना सुटल्यावर दारातच हिशेबनिसानं गाठलं. तरुण मुलगा, बँकेत कामाला, भांग नीट, कागद त्याहून नीट. थैलीवाले काका आजारी पडून मुलीकडे राहायला गेले तेव्हापासून कपाटाच्या किल्ल्या ह्याच्याकडे आल्या होत्या.

"काका, ऐकलंत ना? टक्," तो हसत म्हणाला. "कोणीतरी बटण टाकलंय. कागदात गुंडाळून, वर. आणि हे आजचं नाही हं. कपाटात एक बरणी सापडली, बटणांनी भरलेली. काका बिचारे काढून काढून ठेवत असणार. आता बोला. देवाला बटणं."

"बरणी आहे अजून?" हे बायकोनं विचारलं.

"आहे ना. टाकून देणारच आहे." मग पुन्हा त्याच्याकडे वळून, आवाज जरा खाली आणून, "पुढच्या रविवारी तुम्ही नव्या जोडप्यांसमोर बोलताय, नाही का? घरचा पैसा देवाच्या रीतीनं कसा सांभाळावा. पाळकसाहेब म्हणाले, तुमच्या घरासारखं उदाहरण नाही. मग त्यातच या बटणवाल्यांनाही दोन शब्द सुनवा. तुमच्या तोंडून शोभेल ते." आणि उसवलेली थैली बायकोच्या हातात देत, "काकू, एवढं तोंड शिवून द्याल? तुमचं मशीन आहे म्हणून म्हटलं."

"देते," ती म्हणाली. "अस्तरही बघते. गेलेलं दिसतंय." आणि तिनं ती थैली घडी घालून काखेत धरली, झोपलेल्या लेकराला खांद्यावर घेतात तितक्या हलक्या हातानं.

घरी जाताना दोघं नेहमीसारखीच चालली. तो अर्धं पाऊल पुढं, ती अर्धं पाऊल मागं, आणि मधून मधून तो थांबायचा म्हणजे ते अर्धं पाऊल भरून निघायचं. "दूध घ्यायचंय का?" त्यानं विचारलं. "आहे घरात." विचारायचा प्रश्न तसा चार शब्दांचा होता, पुडीत काय होतं गं, पण तो जिभेवर आला की टाळूला चिकटून बसत होता, माप घेताना रुग्णाच्या तोंडात तो ओला साचा बसतो तसा. निघेपर्यंत बोलता येत नाही आणि श्वासही नाकानंच घ्यावा लागतो. घरात शिरल्यावर त्यानं कोट काढला आणि खोलीभर नजर फिरवली. दहावा हिस्सा थैलीत गेला नसेल तर कुठंतरी गेलाच असणार, आणि जिथं गेला तिथं काहीतरी नवं दिसायला हवं. त्याला तिचा भाऊ आठवला, जो कुठल्याच कामावर टिकत नसे. मग आठवला म्हणून स्वतःचीच लाज वाटली. पडदे तेच होते. फक्त उन्हानं विटलेली बाजू तिनं आत घेतली होती. किटली तीच, कानाला सुतळी गुंडाळलेली. त्याच्या डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली फळीवर, नवी. तेवढंच काय ते नवं. तो चोराचा माल शोधत होता आणि घर त्याला आपल्या फाटक्या जागा एकेक करून दाखवत होतं, रागानं नव्हे, नुसतं विचारलंत म्हणून सांगते, अशा चेहऱ्यानं. बरं, आपण एवढा शोध घेतोय तो कशासाठी, हेही त्याला कळेना. पैशासाठी? तसं असतं तर सोपं झालं असतं. त्याला टोचत होतं ते वेगळं. इतके रविवार आपण ताठ मानेनं मूठ मिटून नेली, उघडली, आणि परमेश्वरासमोर ठेवलं काय, तर बटण. आणि येत्या रविवारी त्याच मानेनं पुढं उभं राहून पोरांना सांगायचं, माझ्यासारखं वागा. ठरल्याप्रमाणे बोललो तर खोटं. नाही बोललो तर सगळे विचारतील, 'का?', आणि त्या 'का'चं उत्तर बायकोच्या पदरात जाऊन पडेल. 

सोमवारी प्रयोगशाळेत मेणाचा वास नेहमीपेक्षा जड वाटला. खिडकीखालच्या लांब टेबलावर उघडी तोंडं ओळीनं मांडलेली, प्लॅस्टरची, पांढरी, जीभ नसलेली. कोणी हसतंय, कोणी नुसतं वासलेलं. दाराजवळ डॉक्टरांनी आणलेलं नवं यंत्र घुमत होतं. ते आपलं आपण दात कोरतं, न चुकता, न थकता, आणि सळईनं वाजवून बघत नाही. ते आलं तेव्हा डॉक्टर त्याला खुर्ची देऊन म्हणाले होते, "तुम्ही राहाच. पण काम तेवढा पगार करू या." त्या महिन्याचं पाकीट त्यानं घरी नेलं तेव्हा ते बोटांनाच हलकं लागत होतं. "थोडं कमी आहे," तो बायकोला म्हणाला होता, "पण दहावा आधी." "हो," ती म्हणाली. झालं. त्या दिवशी त्याला स्वतःचा अभिमान वाटला होता, हे आता मेणात चाकू फिरवताना आठवलं. पगार कमी झाला तरी आपण डगमगलो नाही असा. आणि हो म्हणताना तिचा हात टेबलाच्या कडेवरून दोनदा फिरला होता, धूळ नसलेल्या जागेवरून, हेही आठवलं. तेव्हा पाहिलं होतं. पाहून ठेवून दिलं होतं.

"काय साहेब, आज दात गप्प आहेत?" पलीकडून पॉलिश म्हणाला. तो कवळ्यांना चकाकी द्यायचा, म्हणून सगळे त्याला पॉलिशच म्हणत. त्याचं खरं नाव पगारपत्रकालाच माहीत. "रोज कानाला लावून टकटक चालतं, आज सळई उचललीच नाहीत."

"डोकं जड आहे."

"भाषणाचं ओझं. ऐकलंय मी. रविवारी पैशावर बोलणार म्हणे तुम्ही. एकदा आमच्या घरी येऊन बोला ना. माझ्या बायकोला पैसा कुठं जातो ते पक्कं ठाऊक आहे, मी आणतो कुठून एवढंच तिला कळत नाही."

"तू विचारतोस तिला? कुठं जातो ते?"

"विचारायला कशाला पाहिजे? न विचारता सांगते. जिना चढेपर्यंत सांगते. तुमची बरी, बोलत नाही." आणि चाक थांबवून त्यानं जरा निरखून पाहिलं. "तुमचं बटण गेलंय की."

एक दाढ टेबलावरून घरंगळली होती, ती उचलायला तो वाकला आणि शर्ट पँटीतून सुटून वर आला होता. त्यानं खाली पाहिलं. सगळ्यात शेवटचं बटण, जे खोचल्यावर कधीच दिसत नाही, ते जागेवर नव्हतं. "खालचं कोण बघतंय म्हणा," पॉलिश म्हणाला आणि चाक पुन्हा फिरू लागलं. तो तसाच उभा राहिला. बटण तुटून पडलेलं नव्हतं. तुटलं की दोऱ्याचे लोंबते तुकडे राहतात, कापड ओढलं जातं. इथं ते कात्रीनं अलगद काढलेलं होतं आणि उरलेल्या दोऱ्याची मुंगीएवढी गाठ मारलेली होती, भोक वाढू नये म्हणून. त्या गाठीवर त्याचं बोट टेकलं आणि बोट लहान झालं. खोलीत आईचा वास आला, इस्तरीचा आणि ओल्या कापडाचा. शाळेचा शर्ट. तो पलंगावर उभा आहे, आई गुडघ्यांवर, तिच्या ओठांत दोरा. कात्री शर्टाच्या अगदी खालच्या टोकाला लागते, थंड, पोटाजवळ, आणि तो हसतो, गुदगुल्या होतात म्हणून. "हलू नको रे." "शेवटचंच का काढतेस?" "शेवटचं आत राहतं. खोचून टाक." आणि ती पुटपुटते, गाणं म्हणता येणार नाही आणि बोलणंही म्हणता येणार नाही अशा सुरात,

पांढरं बटण माझं चार डोळ्यांचं,
रक्षण करतं बाई माझ्या बोलाचं.

त्याच्या सगळ्या शर्टांना शेवटचं बटण नसायचं. त्याला वाटे, ती बटणं बहिणीच्या झग्याला लागत असणार. गरीब घरात एकाचं काढून दुसऱ्याला लावतात. पण बहिणीच्या झग्यालाही मागचं, मानेखालचं बटण नसायचं, केसांच्या आड. आणि रविवारी चर्चच्या पायरीवर आई बाबांच्या उजव्या हातात पुडी द्यायची. बाबा ताठ. डावा हात खिशात, त्याला कळायला नको म्हणून. उजवा हात मुठीसकट थैलीत. आज इतक्या वर्षांनी, मेणाच्या वासात, दाढ हातात धरून उभा असताना त्याला पहिल्यांदा सुचलं की बाबांच्या उजव्या हातालाही काहीच माहीत नव्हतं. 

सळई उचलून त्यानं उगाच टेबलाची कड वाजवली. राग आला होता का? आला होता, पण त्याला बसायला जागा सापडत नव्हती. बायकोवर बसवावा तर आई मध्ये येऊन गुडघ्यांवर बसते. आईवर बसवावा तर तिच्या ओठांत दोरा आहे, तिला बोलता येत नाही. बाबांवर बसवावा तर तो स्वतःच आहे, तोच कोट, तोच खिसा.

संध्याकाळी तो पायीच घरी आला. दार लोटलं तेव्हा मशीन चालू होतं. खिडकीतलं उरलंसुरलं ऊन तिच्या हातांवर होतं आणि त्या हातांखाली थैली पालथी, आतून बाहेर काढलेली. बाहेरून राजेशाही लाल दिसणारी ती वस्तू आतून साध्या तपकिरी कापडाची होती, ठिगळांची, कुणाकुणाच्या टाक्यांची. बशीत चार-पाच बटणं काढून ठेवलेली होती. तो पलंगाच्या कडेवर बसला.

"अगं."

"हं."

"काल ताटात वाजलं ते आपलं होतं."

मशीन थांबलं नाही. शिवण संपेपर्यंत ती शिवत राहिली, दोरा दातानं तोडला, मग म्हणाली, "हो. हिशेबनिसाला सांगा, ताट नको म्हणावं. बायकांची पंचाईत होते."

"बायकांची?"

"मग कोणाची? बटणं काय पुरुष काढतात?"

त्यानं ठरवून आणलेले सगळे शब्द एकदम अनोळखी झाले. तिच्या आवाजात पकडलं गेल्याचं काहीच नव्हतं. ती भाजी महागली असं सांगावं तशी सांगत होती.

"तुला कोणी शिकवलं हे?"

"कोणी म्हणजे? आईंनी. लग्न होऊन मी घरात रुळतेय तोवर. तुमच्या नोकरीत पहिला खंड पडला होता बघा, तेव्हा. मी घाबरून म्हटलं, या रविवारी पुडीत घालायला काही नाही, रिकामा कागद देते, कोणाला कळतंय. त्या म्हणाल्या, रिकामी मूठ घालायची नाही. रिकामी मूठ खोटं बोलते. बटण टाक. बटण टाकलं म्हणजे शब्द टाकला." तिनं थैली उलटून बोटांनी तळ चाचपला. "आणि डब्यातलं जुनं चालत नाही हं. अंगावरचंच लागतं. उणं पडलेलं आपल्याला लागत राहिलं पाहिजे, नाहीतर विसरायला होतं, म्हणायच्या. मग हातात पैसे आले की ते टाकायचे आणि आपलं बटण सोडवून आणायचं. थैलीवाले काका बरणी पुढं करायचे, आपण आपलं शोधून घ्यायचं. तोंडातून ब्र नाही. त्यांच्या बायकोचीही असायची त्यात."

"सगळी सोडवलीस?"

"आईंच्या आजारपणातली सगळी. हल्लीची नाहीत."

"आणि माझ्याच अंगावरची काढलीस."

"एकट्या तुमच्या कशाला?" तिनं स्वेटरची कड बाजूला केली. खाली, बटणाच्या जागी, एक टाचणी होती. टोक आत वळवलेलं, म्हणजे टोचू नये. पण टोचत असणारच, कधीतरी वाकताना. तो त्या टाचणीकडे बघत राहिला. दातांच्या मापातला मोहरीएवढा उंचवटा त्याच्या नजरेतून सुटत नसे, आणि ही टाचणी त्याच्या शेजारी बाकावर बसत होती, शेजारी झोपत होती.

"मला सांगायचंस."

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली. "शर्ट तर तुम्हीच घालता."

हसू येईल असं त्याला वाटलं नव्हतं. आधी तिला आलं, मग त्याला, आणि मग ते मध्येच कुठंतरी दमलं. "आणि खरं सांगू?" ती बशीतली बटणं बोटानं फिरवत म्हणाली. "दिल्याचं बोलायचं नाही, हा तुमच्या घरचा नियम. मग न दिल्याचं तरी कसं बोलायचं? ते एकाच तोंडातून येतं ना."

ऊन तिच्या हातावरून उतरून जमिनीवर गेलं होतं. तेव्हा त्यानं विचारलं. विचारताना त्याला जाणवलं, हा प्रश्न आपल्या तोंडात कधी बसलेलाच नाही. नव्या कवळीसारखा तो हिरडीला लागत होता, उच्चार बोबडा होत होता. "आपलं भागतं का गं?"

"नाही," ती म्हणाली.

एवढं साधं उत्तर. ते इतकी वर्षं घरातच होतं, फळीवर, हाताच्या अंतरावर. काहीतरी सांगावं, धीर द्यावा, देव बघतो म्हणावं, असं सगळं येऊन दारात उभं राहिलं, पण त्यानं कोणालाच आत घेतलं नाही. ती बोलत होती. दुधाचं सांगितलं, भाड्याचं सांगितलं, डोळ्यांच्या औषधाचं सांगताना आवाज लहान केला. पडद्यांना एकच उलटी बाजू असते, ती वापरून झाली, असं म्हणाली. मध्ये एकदा थांबली आणि म्हणाली, "दमलात का ऐकून?" "नाही. बोल." मग तिनं बाकीचंही सांगितलं.

उठताना त्यानं बशीतून एक बटण उचललं. लहान, पांढरं, चार भोकांचं, कडेला झिजून पिवळं पडलेलं, आणि भोकांत अजून निळ्या दोऱ्याचा तुकडा अडकलेला. "हे कोणाचं?"

"अस्तर फाटून आत गेलेलं. कोणाचं तरी सोडवायचं राहून गेलं. आता कोण सांगणार."

पांढऱ्या शर्टाला निळा दोरा कोण लावतं? ज्या घरात पांढरा संपलाय ती बाई. अशी घरं पुष्कळ असतात. त्यानं बटण तळहातावर ठेवलं, सवयीनं नखानं वाजवलं. त्यातून काही कळलं नाही. आईनं कधी निळा दोरा वापरला होता का, हे बहिणीला विचारावं असं मनात आलं आणि विचारू नये असंही आलं. मग ते त्यानं खिशात टाकलं, डाव्या.

तो आठवडा तो पायीच गेला आणि पायीच आला. शनिवारी पगाराचं पाकीट टेबलावर दोघांच्या मध्ये ठेवून त्यानं ते स्वतःच्या हातानं फोडलं. "अहो, असं काय बघताय, साप निघणार आहे का त्यातून," ती म्हणाली. दहावा आधीच काढला त्यांनी; तो नियम बाबांचा आणि त्यात खोट नव्हती. पण मग उरलेल्या नऊ हिश्श्यांपाशी तो पहिल्यांदा बसला, आणि ते नऊ जण त्याला भेटले, इतकी वर्षं एकाच छपराखाली राहून ओळख न झालेल्या पाहुण्यांसारखे. एक दुबळा, एक उतावळा, एक सतत काहीतरी मागणारा. दोघांनी बराच वेळ खटपट केली. शेवटी तिनं हात पुसावेत तसे झटकले आणि म्हणाली, "या खेपेला नाही जमत. अर्धा जातोय, अर्ध्याचं बटण." तो म्हणाला, "माझं काढ." "तुमचं आहे कुठं आता?" मग तिनं त्याच्या कोटाच्या आतल्या बाजूला लावलेलं जादा बटण शोधून काढलं. "हे अंगावरचंच झालं," ती म्हणाली, आणि कात्री त्याच्या पोटाजवळ आली तेव्हा त्याला गुदगुल्या झाल्या.

रविवारी तरुण जोडपी पुढच्या बाकांवर बसवलेली होती. एक मुलगी नव्या नवऱ्याच्या कानात काहीतरी सांगून हसत होती. एक जोडपं दोघांत एकच गाण्याचं पुस्तक धरून, बोटाला बोट लागेल असं. हिशेबनीस कडेला उभा, कागद नीट. बायको नेहमीच्या जागी, टाचणीसकट. तो पुढं जाऊन उभा राहिला. शर्ट खोचलेला, शेवटची जागा रिकामी; ती रिकामी जागा पोटाला लागत होती, त्यामुळे उभं राहायला बरं पडत होतं.

"मला घरातल्या पैशातलं फारसं कळत नाही," तो म्हणाला. बाकांवरून बारीक हसू फिरलं; नम्रपणे बोलतोय असं त्यांना वाटलं. "खरंच सांगतो. पगाराचं पाकीट मी आजवर न फोडता बायकोच्या हातावर ठेवत आलो आणि त्याला विश्वास म्हणत आलो. ते ओझं होतं. मी ते दिलं आणि हात झटकून मोकळा झालो. देवाला दहावा द्या, आधी द्या, हे माझ्या वडिलांनी सांगितलं, मीही तेच सांगेन. पण उरलेले नऊ कसे चालतात ते न बघता दिलेला दहावा आपला नसतो. तो दुसरं कोणीतरी आपल्या नावानं देत असतं, आपल्या अंगावरचं काढून." तो थांबला. इथं काहीतरी मोठं म्हणायचं असतं, पण मोठं असं काही त्याच्याजवळ नव्हतं. "या आठवड्यात मी घरी एक प्रश्न विचारला. आपलं भागतं का? तुम्ही आजच विचारा. दोघांनी एकमेकांना. आणि उत्तर संपेपर्यंत बसून राहा, मध्ये देवाचं नाव घेऊ नका. त्याला घाई नसते."

कोणी खोकलं. पुढच्या बाकावरच्या म्हातारीनं मान वर केली होती.

"आणि कपाटात एक बरणी आहे," तो म्हणाला, हिशेबनिसाकडे न बघता. "ती असू द्या. त्यातलं जे आहे ते सोडवायला माणसं येतात. उशिरा येतात, पण येतात." हिशेबनिसाचा हात नकळत कमरेच्या पट्ट्याकडे गेला, शर्ट जिथं खोचलेला असतो तिथं, आणि तिथंच थोडा वेळ राहिला. मग त्यानं मान डोलावली.

पेटी सुरू झाली. थैली निघाली, तोंडाला नवी शिवण, आत नवं अस्तर, बाहेर तीच जुनी लाल मखमल. बाकाबाकांतून मुठी जात होत्या, उघडत होत्या, मिटून बाहेर येत होत्या, आणि काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. तो जागेवर येऊन बसला. पायरीवर पुडी घेताना त्यानं विचारलं होतं, "काय आहे यात?" आणि तिनं सांगितलं होतं. आता पुडी उजव्या मुठीत होती, आणि पुडीबरोबर आठवडाभर पायी चालून वाचवलेले बसचे पैसे, निळ्या दोऱ्याच्या बटणाचे. कोणी टाकलं, कधी टाकलं, कोण जाणे; सोडवायचं राहून गेलं त्याचे. थैली समोर आली. मूठ आत गेली, अंधारात उघडली, आणि हलकी होऊन बाहेर आली. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की डावा हात अजून खिशातच आहे. त्यानं तो बाहेर काढला. बटण त्यात होतं, कोमट झालेलं. हात गुडघ्यावर ठेवून त्यानं तळवा उघडला, आणि शेजारून तिनं वाकून पाहिलं.